कापणाऱ्याची सही

२ जून

भुंग्या,

वर आधी 'चिरंजीव' लिहिलं होतं, मग खोडलं. एक्कावन्न वर्षांच्या घोड्याला काय चिरंजीव म्हणायचं. शिवाय बाबा गेले तेव्हा तू दोन दिवस आलास आणि भांडून गेलास, त्यानंतर अठरा वर्षांत आपण एकमेकांना आशीर्वादही दिले नाहीत आणि शिव्याही.

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. मला तुझ्या सहीचा एक कागद हवा आहे. त्यात एवढंच लिहायचं की आपल्या त्या कॅसेटवरचं सातवं गाणं मी गायलो आहे, आवाज माझा आहे. खाली सही आणि तारीख.

का हवा ते सांगते. बाबांच्या कंपनीतली सगळी गाणी, एकूण एकशे चाळीस, मी नऊ वर्षांपूर्वी इंटरनेटवर चढवली. कॅसेट कोणी घेईना, तर निदान ऐकोत तरी. एका माणसाने एक गाणं ऐकलं की कंपनीला जे मिळतं त्याच्या किमतीचं नाणं अजून कुठल्याही टांकसाळीत पडलेलं नाही. सात वर्षं आमची कमाई म्हणजे वर्षाकाठी एक छत्री. मग दोन वर्षांपूर्वी कोणीतरी घराची भिंत रंगवतानाचा व्हिडिओ टाकला आणि त्यामागे आपलं सातवं गाणं लावलं. का लावलं ते त्या रंगवणाऱ्यालाच ठाऊक. त्याचं बघून दुसऱ्याने खुर्ची विणताना लावलं, तिसरीने मातीचं भांडं घडवताना. सावकाश हातकाम करणाऱ्या सगळ्यांना तेच गाणं हवंसं झालं. आता लाखो व्हिडिओंच्या मागे ते आहे. अशा प्रत्येक व्हिडिओच्या जाहिरातीतला वाटा गाण्याच्या मालकाला मिळतो, आणि त्या वाट्यावर स्टुडिओचं भाडं निघायला लागलं होतं.

लागलं होतं म्हणते, कारण एप्रिलमध्ये एका मोठ्या कंपनीने दावा ठोकला की गाणं त्यांचं आहे. आपल्या कॅसेटा विकणाऱ्या वितरकाचा सगळा धंदा म्हणे त्यांनी विकत घेतला, त्यात हेही आलं. आयत्या बिळावर नागोबा. वर आमच्यावरच चोरीचा आरोप. पैसे थांबले आहेत. महिनाअखेरपर्यंत गाणं आमचं आहे हे सिद्ध करा, नाहीतर हे गाणं तर जाईलच, पण आमचं खातं बंद होऊन उरलेली एकशे एकोणचाळीसही जातील. म्हणजे कंपनी संपली.

तिथे तुझं नाव काही तांत्रिक कारणाने राहून गेलं आहे, त्यामुळे घोळ वाढला. म्हणून कागद.

तुझी तब्येत वगैरे विचारत नाही. कागद आला की समजेन ठीक आहे.

ताई


९ जून

भुंग्या,

तुझं उत्तर नाही. अपेक्षा नव्हतीच, पण पोस्टमन आला की मी जिन्यात जाऊन उभी राहते, हेही खरं.

क्लॅरिनेटकाका रोज येतात. हो, आहेत अजून. शहात्तर वर्षांचे. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, यांनी संगणक घेतला, आणि आता आमचा सगळा इंटरनेटचा कारभार ते नाकावर चष्मा ठेवून चालवतात. त्यांचं एक वाक्य मी भिंतीवर लिहून ठेवलं आहे: 'ऐकण्यावर चहा होतो, वापरावर घर चालतं.' म्हणजे नुसत्या ऐकणाऱ्यांच्या भरवशावर राहायचं नाही. गाणं व्हिडिओत, जाहिरातीत, नाटकात वापरलं गेलं पाहिजे, आणि त्यासाठी कोणाचं काय आहे ते कागदावर चोख पाहिजे. आपल्याकडे नेमकं तेच नाही. बाबांचा सगळा व्यवहार तोंडी. 'गाशील ना? मग बस,' झाला करार.

काकांनी काल चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, की बाकी एकशे एकोणचाळीस गाण्यांवर प्रत्येकाचं नाव आहे, अगदी टाळ्या वाजवणाऱ्याचंही, मग याच एका गाण्यावर कसं नाही? मी म्हटलं, तांत्रिक कारण. ते म्हणाले, "पोरी, मी गेली नऊ वर्षं हे तंत्र शिकतोय. असं कुठलंही कारण मला भेटलेलं नाही."

तर ऐक. नाव मी काढलं. तू जाताना दारात उभा राहून म्हणालास ना, की हे टेपांचं स्मशान एकदाचं विकून टाक? ते माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. गाणी चढवताना तुझ्या गाण्यापाशी आले, गायकाच्या रकान्यात तुझं नाव लिहिलं, आणि मग एकेक अक्षर पुसलं. म्हटलं, स्मशानात नाव कशाला हवं. फार बरं वाटलं होतं तेव्हा. आता त्या रिकाम्या रकान्यात मोठ्या कंपनीने भलत्याच एका गायकाचं नाव घालून ठेवलं आहे. तुझा आवाज, आणि नाव कोणाचं तर ज्याला मी जन्मात पाहिलं नाही त्याचं. जागा मीच मोकळी ठेवली होती, त्यांनी फक्त पथारी पसरली.

आणखी एक. गायकाचा वाटा वेगळा असतो, तो कंपनीच्या हातात येत नाही. नाव नसल्यामुळे तुझा वाटा नऊ वर्षं एका संस्थेकडे बेवारस पडून आहे. लवकर मागितला नाही तर तो नाव असलेल्या इतरांत वाटून टाकतील. रागाच्या भरात मी तुझ्या ताटातलं असं सांडलं. कंपनी वाचो न वाचो, तो तुझा तू मागून घे. सोबत अर्ज जोडला आहे.

ताई


१६ जून

भुंग्या,

तुझा कागद मिळाला. तीन ओळी, सही, तारीख. लिफाफ्यात दुसरं काही नाही ना म्हणून मी तो उलटा करून झटकला. अक्षर अजून तसंच, धावणाऱ्या कोंबडीसारखं. आभारी आहे.

पण आमच्या वकीलबाईंनी कागद वाचला आणि पुढे सरकवला. म्हणाल्या, सख्ख्या बहिणीसाठी सख्ख्या भावाची साक्ष, समोरचे हसतील. त्यांच्याकडे विकत घेतल्याची कागदपत्रं आहेत, मूळची म्हणून एक प्रतही आहे. आपल्याकडे असं काय आहे, जे चोराकडे असूच शकत नाही?

मी म्हटलं, विचार करून सांगते. विचार करायचा काही नव्हता, मला तिथेच उत्तर ठाऊक होतं. दोन दिवस खणाचं कुलूप उघडायचं धाडस होत नव्हतं, एवढंच.

बाबांचा नियम तुला आठवत असेल. टेपमधून ब्लेडने कापलेला तुकडा, मग तो खोकल्याचा का असेना, फेकायचा नाही. पाकिटात घालायचा. पाकिटावर गाणं, गायक, तारीख, कापण्याचं कारण, आणि ज्याने कापलं त्याची सही. ते म्हणायचे, दुसऱ्याच्या गाण्याला ब्लेड लावायचं तर आपलं नाव लिहिण्याची तयारी पाहिजे.

चोवीस वर्षांपूर्वी कॅसेट हातात आल्यावर तू विचारलंस, की तिसऱ्या कडव्याआधीचा माझा आलाप कुठे गेला. मी सांगितलं, बाबांनी कापला, आणि तुकडा फेकून दिला. या वाक्यात दोन खोट्या गोष्टी आहेत. तुकडा फेकला नव्हता. आणि तो बाबांनी कापला नव्हता, मी कापला.

त्या दिवशी बाबा मशीनचा सुटा भाग आणायला गेले होते. दुपारी चारपर्यंत टेप प्रती काढायला पाठवायची होती आणि दुसरी बाजू साडेतीन मिनिटांनी लांब भरत होती. ही अडचण खरी, त्यात काही लबाडी नाही. पण वाटा दोन होत्या. त्या बाजूचं शेवटचं, आठवं गाणं गाळायचं, नाहीतर तुझा आलाप काढायचा. आठवं गाणं माझं होतं. मी आयुष्यात टेपवर गायलेलं एकमेव. ते किती सामान्य आहे हे मला तुझा आलाप ऐकतानाच कळलं होतं, आणि कळलं म्हणूनच ब्लेड उचललं. याला मत्सर म्हणतात. हा शब्द लिहायला मला चोवीस वर्षं लागली, तेव्हा तो नीट वाच.

(आठवं गाणंही इंटरनेटवर आहे. आजवर एकवीस वेळा ऐकलं गेलं आहे. त्यातल्या बारा वेळा मीच.)

बाबांना संध्याकाळी कळलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी पाकीट हातात घेतलं, उलटसुलट बघितलं आणि म्हणाले, "सही केलीस ना? मग कधीतरी सांगशील त्याला."

मी सांगितलं नाही. तू बाबांवर रागावून निघून गेलास आणि मी तुला जाऊ दिलं. ते असेपर्यंत तू फिरकला नाहीस, त्यांनीही तोंडातून अवाक्षर काढलं नाही. अठरा वर्षं माझा तुझ्यावर राग आहे असं मी जगाला सांगत आले. तो राग नव्हता. मला तुझ्यासमोर उभं राहायची भीती वाटत होती.

पाकीट खालच्या खणात आहे. त्यावर गायक म्हणून तुझं नाव आहे, माझ्या हातचं. कारणाच्या जागी 'पुढच्या गाण्याला जागा' लिहिलंय, आणि खाली माझी सही. उद्या ते वकीलबाईंना देते. चार परक्यांसमोर उघडायच्या आधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र आज टाकते. तू कागद मागे घेतलास तरी मी काही म्हणणार नाही.

ताई


२६ जून

भुंग्या,

जिंकलो!

तू माझं मागचं पत्र वाचून फाडलंस की काय ते ठाऊक नाही, पण हे फाडायच्या आधी वाच. हे गाण्याबद्दल आहे.

परवा सकाळी अकराला वकीलबाईंच्या ऑफिसात सगळे जमले. लांब टेबल, काचेचे पेले, एसीचं पाणी टपकतंय म्हणून खाली बादली. मोठ्या कंपनीकडून दोन वकील आणि एक साहेब, एकाचाही शर्ट चुरगळलेला नाही. आमच्याकडून मी, क्लॅरिनेटकाका, आमची मूळ टेप, आणि कापडात गुंडाळून आणलेलं बाबांचं टेप मशीन. ते तीन मजले चढवताना वकीलबाईंच्या शिपायाने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

आधी त्यांनी त्यांची मूळ प्रत वाजवली. छान स्वच्छ. दुसरं कडवं संपतं, सूर थांबतो, ठेका पडतो, तिसरं सुरू. वकीलबाईंनी इतक्या गोड आवाजात विचारलं, की मलाच त्यांची भीती वाटली. या दोन कडव्यांच्या मध्ये काय आहे? साहेब म्हणाले, काही नाही, गाणं असंच आहे.

मग मी पाकीट उघडलं. मूळ टेपवर तो सांधा शोधला, चिकटपट्टी सोडवली आणि तुकडा परत जोडला. चोवीस वर्षांत इतकं बारीक काम केलं नव्हतं, पण सांधा बरोबर बसला. चुकला असता तर तिथेच मेले असते. मशीन चालू केलं. दुसरं कडवं संपलं. त्यांच्या प्रतीत जिथे सूर थांबतो, तिथे तो थांबलाच नाही. तू तो तसाच धरून वर चढलास. आणि भुंग्या, काय गायला आहेस रे! मी तो भाग त्या दिवसानंतर पहिल्यांदा ऐकत होते. मला वाटलं होतं, आठवणीत आपण उगाच मोठा केला असेल. तसं नव्हतं. तो आठवणीपेक्षा मोठा निघाला.

आलापाच्या मध्यावर क्लॅरिनेट येते. काकांनी पिशवीतून आपली काढून ठेवलीच होती. ते उठले आणि टेपमधल्या स्वतःबरोबर वाजवायला लागले, सुरासूर, एकही जागा न चुकवता. साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या धाकट्या वकिलाने आलाप संपेपर्यंत डोळे मिटले होते, आणि संपल्यावर ओशाळून कागद चाळायला लागला.

गाणं चोरता येतं. गाण्यातून काय काढलं हे फक्त काढणाऱ्याच्या घरी असतं. वकीलबाईंनी पाकीट टेबलावर फिरवलं, तारीख, तुझं नाव, माझी सही सगळ्यांनी बघितली. ज्या सहीची मला चोवीस वर्षं लाज वाटली तीच वकीलबाई बोट ठेवून ठेवून दाखवत होत्या. काल दुपारी दावा मागे घेतल्याचं पत्र आलं. थांबलेले पैसे मोकळे झाले. आणि साडेतीन वाजता काकांनी गायकाच्या रकान्यात तुझं नाव टाकायला घेतलं, तेव्हा मी त्यांना उठवलं आणि माझ्या बोटांनी टाकलं. ज्या बोटांनी पुसलं होतं त्यांनीच.

आता पुढचं ऐक. खणात अशी बासष्ट पाकिटं आहेत. कॅसेटची बाजू भरायची म्हणून बाबांनी आणि मी कापलेली. इंटरनेटवर गाण्याला बाजूच नाही, ते हवं तेवढं लांब असू शकतं, ही साधी गोष्ट नऊ वर्षं माझ्या डोक्यात आली नव्हती. आम्ही वर्षाची वर्गणी काढली आहे. जो भरेल त्याला दर महिन्याला एक गाणं, तुकडे परत जोडून, पूर्ण. आणि सोबत पाकिटाचा फोटो, कापणाऱ्याच्या सहीसकट. काल रात्रीपासून तीनशे जणांनी भरली. एका रंगाच्या कंपनीला जाहिरातीसाठी सातवं गाणं हवं होतं, दाव्यामुळे ते अडले होते. आज त्यांचा फोन आला. त्यांनाही आलाप हवा आहे. त्या एका जाहिरातीचे पैसे नऊ वर्षांच्या ऐकण्यापेक्षा जास्त आहेत. त्यातला निम्मा वाटा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा, आणि या वेळी सगळं कागदावर. आपला तबलजी गेला, त्याच्या वाट्याचा करार घेऊन मी त्याच्या बायकोकडे गेले तर ती दार उघडेना. तिला वाटलं, मी वर्गणी मागायला आले.

बाबांच्या कंपनीने चोवीस वर्षांत असा आठवडा पाहिला नव्हता. मी जिन्यावरून शीळ घालत उतरते. खालचा टायरवाला विचारतो, बाई, लॉटरी लागली का?

तुझं नाव बघायला तरी इंटरनेटवर एकदा जा.

ताई


७ जुलै

प्रिय भुंग्या,

तुझं पत्र आलं. चार पानं. मी ते जिन्यातच बसून वाचलं, आणि टायरवाल्याने पाणी आणून दिलं, यावरून मी कशी रडले असेन ते ओळख.

तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं म्हणतोस. बाबा नेहमी गाणाऱ्याच्या श्वासावर कापायचे आणि मी तबल्याच्या ठेक्यावर, त्यामुळे तो हात कोणाचा ते ऐकताक्षणी तुला समजलं. बरोबर आहे तुझं. मी आजही ठेक्यावर कापते. मीच मूर्ख, गायकाच्या कानाला फसवायला निघाले होते.

म्हणजे तू बाबांवर कधी रागावलाच नव्हतास. कापलं म्हणूनही गेला नाहीस, मी खोटं बोलले म्हणून गेलास, आणि मी कधी खरं बोलते त्याची वाट बघत राहिलास. आणि दर गुरुवारी दुपारी, मी बँकेत गेले की, तू स्टुडिओत फोन करून बाबांशी बोलायचास. सहा वर्षं! दर गुरुवारी परत आले की बाबा शीळ घालत मशीन पुसत असायचे. मला वाटायचं, मी समोर नसते म्हणून खूश असतात. हे कळल्यापासून छातीवरचा दगड कोणी उचलून नेल्यासारखं झालं आहे. म्हणजे बाबांना त्यांचा मुलगा मिळत होता. मी तो तोडला नव्हता. तू हे मला एखाद्या कागदाच्या कोपऱ्यावर लिहिलं असतंस तरी चाललं असतं. पण जाऊ दे, आधी बोलायची पाळी माझीच होती.

तुझा वाटा तुला मिळाला हे वाचून बरं वाटलं. त्यातून घराचं छप्पर करायला घेतलंस, उत्तम केलंस.

आता पत्रासोबत पाठवलेल्या नव्या गाण्याबद्दल. तू विचारलंस, कंपनी घेईल का. मी हे उत्तर बहीण म्हणून नाही, कंपनीची मालकीण म्हणून देते आहे. गाणं चार वेळा ऐकलं. क्लॅरिनेटकाकांनी पाच वेळा. मुखडा सुंदर आहे. आवाज खाली उतरला आहे, आणि उतरून जास्त चांगला झाला आहे, हे तुला कोणी सांगितलं नसेल तर मी सांगते. पण दुसऱ्या कडव्यात तू घाई केली आहेस. कोणीतरी मध्येच थांबवेल अशा बेताने गायला आहेस. हे असं मी घेणार नाही.

मंगळवारी सकाळी दहापासून स्टुडिओ तुझ्या नावाने मोकळा ठेवला आहे. पूर्ण दिवस. ये आणि परत गा. वाईट गायलास तर तोंडावर सांगेन.

ताई